‘मिलिंद’: नावातला भुंगा आणि नावातला नर

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत बाळांच्या नावांची जी चौकट येते, तिच्यात काही आठवड्यांपूर्वी ‘म’ अक्षरावरची नावे छापली होती आणि त्यांत ‘मिलिंद’ या नावापुढे ‘भुंगा, संस्कृत’ एवढाच अर्थ दिला होता. त्याच्या पुढच्या रविवारी सांत इस्तेव येथील एका वाचकाचे पत्र प्रसिद्ध झाले. हे नाव मुळात एका यवन, म्हणजे ग्रीक, राजाचे आहे, ते संस्कृत म्हणून छापणे ही वाचकांची दिशाभूल आहे, आणि मराठी आईबापांनी असली परकीय नावे मुलांना ठेवू नयेत, असा त्या पत्राचा मथितार्थ होता. चौकटीतला अर्थ अपुरा आहे आणि पत्रातली माहिती बरोबर असली तरी तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे. शाळेत 34 वर्षे संस्कृत शिकवल्यामुळे शब्दाच्या कुळाची चौकशी केल्याशिवाय मला राहवत नाही, हेही एक कारण आहेच.

दुसरे कारण घरगुती आहे. माझ्या मुलीच्या मुलाचे बारसे गेल्या महिन्यात फोंड्याला आमच्या घरी झाले. जावयांनी ‘मिलिंद’ हे नाव आधीच ठरवले होते. पाळणा सजला होता, आत्या कानात कुर्र करायला पुढे सरसावली होती, आणि जावई ताटातल्या तांदळांत सोन्याच्या अंगठीने नाव लिहू लागले होते, तेवढ्यात विहीणबाईंनी पर्समधून आपल्या पुरवणीचे कात्रण काढले. चष्मा कपाळावर सारून त्या म्हणाल्या, “भुंग्याचं नाव ठेवताय होय? मग काय, दिवसभर गुणगुणत फिरेल आणि कुणाला तरी चावेल.” सगळे हसले. पण माझ्या धाकट्या भावाने लगेच ते दुसरे पत्र मोबाइलवर काढून दाखवले आणि हसणे थांबले. जावयांनी तोवर फक्त ‘मि’ लिहिला होता. अंगठी तांदळांतच धरून ते माझ्याकडे पाहू लागले, आणि पाच-पंचवीस पाहुण्यांसमोर, पुरणपोळ्या निवत असताना, मला एका ग्रीक नावाची व्युत्पत्ती सांगावी लागली. तिथे जे घाईघाईत सांगितले ते इथे जरा सावकाश मांडतो.

मिलिंद हे ज्या नावाचे पाली रूप आहे ते मूळ ग्रीक नाव ‘मेनान्द्रोस’. इंग्रजी वळणाने आपण त्याला मिनँडर म्हणतो. हे नाव ग्रीकांमध्ये या राजाच्या आधीपासून चालत आलेले होते; अथेन्सचा प्रसिद्ध विनोदी नाटककार मेनान्द्रोस हा इ.स.पूर्व चौथ्या शतकात जन्मला, म्हणजे आपल्या मिलिंदाच्या दीडदोनशे वर्षे आधी. नावाचे दोन तुकडे पडतात. पहिला तुकडा ‘मेनो’ या क्रियापदाचा असून त्याचा अर्थ थांबणे, राहणे, टिकणे असा आहे. होमरच्या युद्धवर्णनांत हेच क्रियापद शत्रू चालून आला असता जागा न सोडता पाय रोवून उभे राहण्यासाठी वापरलेले आढळते. लॅटिनमधले ‘मानेरे’ हे याचे भावंड, आणि त्यापासून निघालेला ‘पर्मनंट’ हा शब्द तर गोव्यातल्या कोणत्याही सुशिक्षित बेकाराला समजावून सांगावा लागत नाही. दुसरा तुकडा ‘आनेर’, षष्ठीत ‘आन्द्रोस’, म्हणजे नर, पुरुष. दोन्ही मिळून अर्थ होतो ‘पाय रोवून उभा राहणारा नर’, किंवा ‘माणसांसमोर मागे न हटणारा’. आपल्याकडे याच्या अगदी जवळ जाणारे नाव शोधायचे तर ते युधिष्ठिर होय, कारण ‘युधि’ म्हणजे युद्धात जो ‘स्थिर’ तो युधिष्ठिर.

यातल्या ‘आन्द्रोस’पाशी थोडे थांबले पाहिजे. ग्रीक ‘आनेर’ आणि संस्कृत ‘नृ’ किंवा ‘नर’ हे एकाच मुळातून फुटलेले शब्द आहेत. ग्रीकमध्ये पुढे एक ‘आ’ येऊन चिकटला आहे, जसा आपल्या ‘नाम’ शब्दाच्या ग्रीक भावंडात, म्हणजे ‘ओनोमा’मध्ये, एक ‘ओ’ चिकटलेला दिसतो. राहिला प्रश्न मधल्या ‘द’चा. ‘न’ आणि ‘र’ लागोपाठ उच्चारताना जिभेला मध्ये एक पायरी लागते आणि तिथे ‘द’ उमटतो. ताम्र या शब्दातल्या ‘म’ आणि ‘र’च्या मध्ये असाच ‘ब’ उमटला, म्हणून आपण तांबे म्हणतो; वानराचे वांदर होते तेही याच रीतीने. तेव्हा मिलिंद या नावाच्या पोटात आपलाच ‘नर’ बसलेला आहे, तो फक्त ग्रीसमधून फिरून आला आहे.

आमच्याकडे पाव घेऊन येणारा पदेर आंद्रू. बारशाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी उभा होतो तेव्हा आदल्या दिवशीची हकीकत त्याच्या कानावर गेलेली होती. सायकल स्टँडवर लावून त्याने विचारले, “मास्तर, म्हज्या नांवाचो अर्थ कितें?” मी त्याला सांगितले की नातवाच्या नावाचा उत्तरार्ध आणि तुझे आख्खे नाव एकच आहे. आंद्रे, म्हणजे ग्रीक ‘आन्द्रेआस’, हा त्याच ‘आन्द्रोस’चा, पुरुषार्थाचा शब्द. आंद्रू खूश झाला आणि दोन उंडे जास्त देऊन गेला. निवडणुका आल्या की आपण जो ‘सांत आंद्रे’ मतदारसंघ रोज वर्तमानपत्रात वाचतो, त्यातही हाच नर आहे.

आता राजाविषयी. मेनान्द्रोस हा इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यास वायव्य भारतात आणि पंजाबात राज्य करत होता. त्याची राजधानी सागल, म्हणजे आजचे पाकिस्तानातील सियालकोट, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अलेक्झांडरपेक्षाही अधिक जनसमूह या राजाने जिंकले असे स्ट्राबो हा ग्रीक भूगोलकार एका जुन्या लेखकाच्या आधाराने सांगतो, आणि प्लूटार्क लिहितो की तो मरण पावल्यावर त्याच्या अस्थींसाठी नगरांमध्ये चढाओढ लागली, अखेर त्या वाटून घेऊन प्रत्येकाने स्मारक उभारले. बुद्धाच्या अस्थींची कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. पाली भाषेतल्या ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथात, म्हणजे मिलिंदाने नागसेन या बौद्ध भिक्षूला विचारलेल्या प्रश्नांत, राजा आपले जन्मस्थान सांगताना ‘अलसंद’ नावाच्या द्वीपाचा उल्लेख करतो. हे अलसंद म्हणजे अलेक्झांड्रिया, अलेक्झांडरने वसवलेल्या अनेक नगरांपैकी एक. ‘आलेक्सान्द्रोस’, म्हणजे नरांचे रक्षण करणारा, याचे पाली कानांनी ‘अलसंद’ केले. रक्षण करण्याच्या त्याच धातूपासून झालेल्या दुसऱ्या एका ग्रीक नावाचे पोर्तुगीज रूप आलेइश, आणि कळंगुटचे मोठे चर्च त्याच नावाच्या संताचे आहे.

या राजाची नाणी मोठ्या संख्येने सापडली आहेत आणि आपल्या वादाचा निकाल माझ्या मते तीच देतात. नाण्याच्या एका बाजूला ग्रीक अक्षरांत ‘बासिलेओस सोतेरोस मेनान्द्रू’ असा लेख असतो आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत, प्राकृत भाषेत, ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ असा. ‘बासिलेउस’ या पदवीचे त्याने ‘महाराज’ असे भाषांतर केले, ‘सोतेर’चे ‘त्राता’ असे भाषांतर केले, पण स्वतःच्या नावापाशी येताच भाषांतर थांबवून ते जसेच्या तसे दुसऱ्या लिपीत उतरवले. नाव हे भाषांतर करण्याची वस्तू नव्हे, उच्चारण्याची आहे, हे त्याच्या टांकसाळीतल्या कारागिराला कळत होते. ही नाणी पश्चिम किनाऱ्यालाही अपरिचित नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याच्या माहितीपुस्तिकेत असा उल्लेख आहे की बारिगाझा, म्हणजे भडोच, येथे मेनान्द्रोसच्या नावाची जुनी नाणी अजून चालतात. राजा जाऊन तोवर जवळजवळ दोनशे वर्षे झाली होती.

तर मग ‘मेनंद्र’चा ‘मिलिंद’ कसा झाला? शेवटचा ‘ओस’ हा ग्रीक प्रत्यय आहे, ‘देवः’ मधल्या विसर्गासारखा, तो गळून पडणे साहजिकच होते. ‘न्द्र’ मधला ‘र’ पालीत टिकत नाही. चंद्राचा ‘चंद’ आणि इंद्राचा ‘इंद’ होतो. काश्मीरचा क्षेमेंद्र हा अकराव्या शतकातला कवी याच राजाला ‘मिलिंद्र’ म्हणतो, म्हणजे संस्कृतात तो ‘र’ कुठे तरी शिल्लक होता, किंवा इंद्राच्या ओढीने परत आला होता. खरी गंमत आहे ती ‘न’चा ‘ल’ होण्यात. एका शब्दात दोन ‘न’ जवळजवळ आले, किंवा ‘न’ आणि ‘म’ असे दोन नाकातले वर्ण शेजारी बसले, की जीभ कंटाळते आणि त्यांतला एक बदलून टाकते. आपण मराठी माणसे हे रोज करतो. नवनीताचे आपण लोणी केले, आणि निंबाच्या झाडाला कडुलिंब म्हणतो. पोर्तुगीज ‘लैलांव’चा आपण लिलाव केला, तर हिंदीवाल्यांनी दोन ‘ल’ नकोत म्हणून त्याचा नीलाम केला. मेनंद्राचा मिलिंद हा याच घराण्यातला बदल आहे. त्या पाली ग्रंथाशी नाते असलेल्या चिनी ग्रंथातही राजाचे नाव ‘मि-लान’ असे येते, तेव्हा हा ‘ल’ एकट्या पालीची लहर नव्हती.

त्याच ग्रंथात राजाच्या सोबत असलेल्या यवनांपैकी एकाचे नाव ‘देवमंतिय’ असे आहे. अभ्यासकांच्या मते हा ‘देमेत्रिओस’, म्हणजे देमेतेर या धान्यदेवतेचा. पाली रूप ऐकताना मात्र आपल्याला देवांचा मंत्रीच आठवतो. परके नाव कानावर पडले की माणूस त्यात ओळखीचा शब्द शोधतो, आणि सापडला की तेच खरे मूळ असे धरून चालतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत उत्तरेकडच्या ‘दातामिति’ गावाहून आलेल्या एका यवनाचा दानलेख आहे. गावाच्या नावात पुन्हा तोच देमेत्रिओस, पण दात्याचे स्वतःचे नाव इंद्राग्निदत्त आणि बापाचे धर्मदेव.

भुंग्याचे काय, हे विहीणबाईंचे म्हणणे राहिलेच. संस्कृतात ‘मिलिंद’ म्हणजे भुंगा हा शब्द आहे, तो कोशांत सापडतो आणि उत्तरकालीन काव्यांत कमळांभोवती घोटाळतानाही दिसतो, त्यामुळे आपल्या चौकटीने काही खोटे छापले असे मी म्हणणार नाही. पण अमरकोशात भुंग्याची नावे सांगणारा जो श्लोक आहे, जो मी विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे घोकून घेतला, त्यात मधुव्रत, मधुकर, मधुलिह, मधुप, अलि, द्विरेफ, पुष्पलिह, भृंग, षट्पद, भ्रमर अशी रांग लागते, आणि तिच्यात मिलिंद नाही. भुंगा या अर्थाचा शब्द आणि राजाचे नाव यांचा उच्चार एक झाला, म्हणून ते एकाच मुळातून आले असे होत नाही. आपण ‘नाव’ म्हणतो तेव्हा ‘नाम’पासून आलेले नाव वेगळे आणि ‘नौ’पासून आलेली, मांडवीत चालणारी नाव वेगळी, तसेच हे आहे.

महाराष्ट्रात आणि आपल्याकडे हे नाव घराघरांत गेले ते दोन वाटांनी. काही घरांत ते काव्यातला भुंगा म्हणून आले, आणि काही घरांत ते बुद्धाच्या विचाराशी संवाद करणारा राजा म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे 1950 साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जे महाविद्यालय निघाले ते मिलिंद महाविद्यालय, आणि त्याच्या परिसराचे नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू यांची नावे तिथे शेजारी नांदत आहेत. या दुसऱ्या वाटेने ज्यांच्या घरी हे नाव आले त्यांच्यापुढे फक्त ‘भुंगा’ ठेवणे हा त्यांच्यावर थोडा अन्यायच आहे.

सांत इस्तेवच्या पत्रलेखकांना माझे सविनय सांगणे असे की परकीय म्हणून मिलिंद वगळायचा, तर पत्राखाली आपण जो पत्ता लिहिला तोही बदलावा लागेल. इस्तेव म्हणजे पोर्तुगीज इश्तेव्हांव, म्हणजे ग्रीक ‘स्तेफानोस’, मुकुट किंवा विजयमाला. जुवें हे बेटाचे जुने नाव आपल्याला वापरता आले असते, पण टपाल आणि भेंडी दोन्ही सांत इस्तेवच्याच नावाने ओळखली जातात, आणि त्यात कोणाचे काही बिघडलेले नाही. इतकेच नव्हे, ज्या पत्रिकेवरून नावाचे आद्याक्षर काढतात तिच्यातले ‘केंद्र’, ‘होरा’, ‘जामित्र’ हे शब्दही ग्रीकच आहेत. ‘होरा’ हा ‘अहोरात्र’ शब्दाची पहिली आणि शेवटची अक्षरे गाळून झाला असे काही जण मानतात, हे खुद्द वराहमिहिर या जुन्या ज्योतिषाचार्याने नोंदवून ठेवले आहे. देवमंतियात देवांचा मंत्री ऐकू येण्यासारखेच हे झाले. आमच्या भटजींनी ‘मि’ हे अक्षर काढून दिले तेव्हा त्यांच्या तोंडी निदान दोन ग्रीक शब्द आले होते, आणि त्यांना ते ग्रीक वाटत नव्हते. बाराशे-पंधराशे वर्षे घरात वावरलेल्या शब्दाला पाहुणा म्हणण्यात काय हशील?

शिवाय या राजाचे नाव ज्या ग्रंथामुळे टिकले, त्यातला या दोघांचा संवाद सुरूच होतो नावाविषयीच्या प्रश्नाने. मिलिंद नागसेनाला विचारतो, आपले नाव काय? भिक्षू म्हणतो, मला नागसेन म्हणून ओळखतात, आईबाप नागसेन, शूरसेन, वीरसेन, सिंहसेन अशी नावे ठेवतात, पण हे केवळ व्यवहारापुरते संबोधन आहे, या नावाने दाखवता येईल असा कोणी पुरुष आत सापडत नाही. राजा चक्रावतो. मग नागसेन त्यालाच विचारतो, तू इथे रथातून आलास ना, मग रथ म्हणजे काय, दांडी, आस, चाके, जू? यांतले एकही रथ नव्हे, आणि यांना सोडूनही रथ नाही. नावाच्या आत ‘नर’ शोधणाऱ्या माझ्यासारख्या व्युत्पत्तिवाल्यालाही हे उत्तर चपराक म्हणूनच घ्यावे लागते. गोव्याच्या वाचकांना हा ग्रंथ परका वाटण्याचे तर काहीच कारण नाही, कारण पाली वाङ्मय मराठीत आणण्यासाठी ज्यांनी उभे आयुष्य वेचले ते धर्मानंद कोसंबी 1876 साली आपल्याच सांकवाळला जन्मले, घर सोडून पार सिंहलद्वीपापर्यंत गेले, आणि परत येऊन पुण्यात पाली शिकवू लागले. त्यांचे चिरंजीव दामोदर हे गणिती. त्यांनी जुनी नाणी तराजूवर एकेक तोलून इतिहासाचा माग काढला.

माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या पुरवणीत एक लहानशी दुरुस्ती द्यावी आणि तिचा मजकूर असा असावा: ‘मिलिंद: ग्रीक मेनान्द्रोस या नावाचे पाली रूप, अर्थ पाय रोवून उभा राहणारा नर, संस्कृत काव्यात भुंगा.’ चौकटीच्या दोन ओळींत हे मावते, मी पट्टीने मोजून पाहिले आहे. जावयांनी बारशाच्या दिवशी उरलेली दोन अक्षरे लिहिली आणि पुरणपोळ्या पुन्हा तव्यावर टाकून गरम कराव्या लागल्या. विहीणबाई मात्र आता नातवाला पाळण्यात झोके देताना ‘भुंगोबा’ म्हणून हाक मारू लागल्या आहेत, तेव्हा दुरुस्ती छापताना भुंगा वगळू नये, असे त्यांनी मला मुद्दाम कळवायला सांगितले आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त संस्कृत शिक्षक, फोंडा, गोवा